गाळाला रजिस्टर नव्हतं

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की रत्नागिरी जिल्ह्यातली माती एकदा धरलेलं सोडत नाही.

ही घोषणा माझी नाही, आमच्या सरांची आहे. सर ती उभं राहूनच करत. समोर पन्नास शेतकरी असोत, नाहीतर चहाचे ग्लास गोळा करायला आलेला एकटा कॅन्टीनवाला असो, सर खुर्ची मागे सारत, उजवा हात खांद्याच्या वर नेत आणि म्हणत, "माती धरते." मग थांबत. त्या थांबण्यात समोरच्यानं थक्क व्हायचं असे. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली आणि दिवसातून सरासरी दोनदा थक्क झाले. कॅन्टीनवाला मात्र पहिल्याच महिन्यात "हो, धरते, ग्लास द्या" म्हणायला लागला होता.

सरांचं नाव सांगत नाही. ते निवृत्त झालेत, तब्येतीनं ठणठणीत आहेत आणि संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येतात. वाळूतून पांढरे बूट आणि पांढरे मोजे घालून, पाय बगळ्यासारखे उचलत चालणारे गृहस्थ दिसले तर तेच. आमची प्रयोगशाळा माती आणि पाणी तपासायची. सर तिचे प्रमुख आणि मी सहायक. म्हणजे सर तपासायचे आणि मी धुवायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, गाळायची, लिहायची आणि सही घेऊन टपालात टाकायची.

मातीत डॉक्टरेट केलेला हा माणूस मातीला हात लावत नसे. आमच्याकडची माती कशी, जांभ्या चिऱ्याची, तांबडीलाल, एकदा कपड्याला लागली की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. आणि सरांचा पोशाख पायापासून कॉलरपर्यंत पांढराशुभ्र. बागेत नमुने घ्यायला जायचं तर जीपमधून आधी मेणकापडाची घडी उतरायची. ती आंब्याच्या कलमाखाली अंथरायची, सर तिच्यावर उभे राहायचे, आणि तिथून मला हुकूम सोडायचे. थोडं डावीकडे. अजून वीतभर खोल. मुळं नकोत. मी कुदळ मारत असायची आणि बागेचा मालक माझ्याकडे करुणेनं आणि सरांकडे आदरानं पाहत असायचा. हे उलट का होत नाही, याचं मला नऊ वर्षं नवल वाटलं.

निवळ म्हणून जे जे काही असेल ते सरांना प्रिय. चहा दोनदा गाळलेला. आमटी वाढली की हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं बसायचे, डाळ तळाशी गेली की वरचं पाणी भातावर घ्यायचे. एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंनी दोन नारळ खवून, तीनदा रस काढून सोलकढी केली होती. सरांनी वाटी समोर ठेवली आणि तिच्याकडे ध्यान लावल्यासारखे बघत बसले. वरती फिकट गुलाबी पाणी दिसायला लागल्यावर तेवढंच हलक्या हातानं ओठांना लावलं आणि खालचा सगळा नारळाचा रस "नको, जड होतं" म्हणून परत केला. सर गेल्यावर सासूबाईंनी वाटी आत नेली. मग म्हणाल्या, "ह्यांच्या घरी नारळ कोण खवतं गो? तिला माझा नमस्कार सांग."

आता सरांचं शास्त्र सांगते. ते खरं होतं, आणि म्हणूनच तर सगळी मजा आहे.

पुष्कळ रसायनांचं पाण्याशी पटत नाही. फवारणीची औषधं, तेलं, डिझेल, असली सगळी. तेलकट पातेल्यात नुसतं पाणी ओतलं तर तेल पाण्यात विरघळतं का? ते जाऊन पातेल्याच्या कडेला चिकटतं. तसं ही रसायनं पाण्यात पडली की चिकटायला काहीतरी शोधतात. चिकणमातीचा कण, आपली माती तांबडी करणारा लोखंडाचा गंज, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे कुजलेला पालापाचोळा, शेणखत, असलं काळं काहीतरी. सर हे फार सुंदर समजावून द्यायचे, नाकारण्यात अर्थ नाही. म्हणायचे, "बाई, मातीचा कण म्हणजे एस.टी. स्टँड समजा. रसायन म्हणजे प्रवासी. पाण्याबरोबर आलं, स्टँडवर उतरलं. कुणी लगेच पुढची गाडी धरतं, कुणी बाकावर पथारी पसरतं आणि महिनोन्‌महिने हलत नाही."

मी नवीन होते, उत्साहात होते. विचारलं, "आणि सर, स्टँडच चालायला लागलं तर?"

सरांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. स्टँड चालत नसतं, असं सांगून ते हात धुवायला गेले.

ह्या शास्त्राचा ते जाहीर प्रयोगही करत. काचेच्या नळीत तांबडी माती भरलेली. वरून निळी शाई घातलेलं पाणी ओतायचं, खाली पेल्यात स्वच्छ, बिनरंगाचं पाणी टपकायचं. तो पेला सर देवाचा अंगारा दाखवावा तसा चारी दिशांना दाखवत. सावर्ड्याच्या मेळाव्यात तर टाळ्या पडल्या. पण तिथं पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टाळ्या संपल्यावर विनंती केली की अजून दोन पेले ओता, बघू काय होतं ते. सरांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपली होती. सरांची वेळ नेहमी तिसऱ्या पेल्याला संपायची. कारण मी नळी धुवायची आणि मला ठाऊक होतं, की चौथ्याला खालचं पाणी निळसर व्हायला लागतं आणि पाचव्याला चांगलं शाळेच्या दौतीसारखं येतं. मातीचे बाक भरले की पुढचे प्रवासी थेट जातात. पण हा भाग व्याख्यानात नव्हता.

मेळाव्यातले बागायतदार खुश होऊन घरी जायचे. त्यांच्या मनात त्या वर्षांत एकच धास्ती असायची, मोहोराचं औषध. हे औषध झाडाच्या बुंध्याभोवती आळं करून भर पावसाळ्यात मातीत ओततात. त्यानं झाडाची वाढ आखडते, पालवी कमी फुटते, मोहोर लवकर आणि भरपूर येतो, आणि पेटी बाजारात सगळ्यांच्या आधी जाते. आता हे औषध मातीत ओतलं तर पुढं जातं कुठं, ही शंका. सर हात वर करायचे. माती धरते. शंका मिटली.

आता आमची कार्यपद्धती ऐका. प्रयोगशाळेत दोन रजिस्टरं होती. निळ्या पुठ्ठ्याचं पाण्याचं आणि तपकिरी पुठ्ठ्याचं मातीचं. माती म्हणजे शेतातून खणून आणलेली, वाळवलेली, कुटलेली, चाळलेली. पाणी म्हणजे एक रात्र निवळत ठेवून, मग फिल्टर कागदातून गाळून, काचेसारखं झालेलं. गढूळ पाणी सर यंत्राजवळ फिरकू द्यायचे नाहीत. कागदावर जो तांबडा गाळ राहायचा त्याला कुठल्याच रजिस्टरात जागा नव्हती. तो शेतातून आलेला नाही, म्हणून माती नाही. आणि पाणी तर तो नाहीच. मी एकदा विचारलं होतं की हा पण तपासायचा का. सर म्हणाले, "आपण पाणी तपासतो. पाण्याची संगत तपासत नाही."

पुन्हा एकदा सांगते, कारण मलाच अजून खरं वाटत नाही. रसायन मातीच्या कणाला चिकटतं, हे ज्यानं जन्मभर ओरडून सांगितलं, तोच माणूस पाण्यातून आधी मातीचे सगळे कण काढून टाकायचा आणि मग उरलेल्या पाण्यात रसायन शोधायचा. सापडायचं नाही. मग खुशीत येऊन स्वतःच्या हातानं टाइप करायचा, 'आढळले नाही'. असे किती 'आढळले नाही' जिल्हाभर गेले असतील, कोण जाणे. आणि तो कागद नऊ वर्षं माझ्याच हातानं घडी होत होता. माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही. खापर सगळं सरांवर फोडायचा माझा विचार आहे, पण थोडं उरेल, ते माझ्याकडे ठेवते.

उजेड घेऊन आली ती एक म्हातारी.

संगमेश्वरच्या आतल्या अंगाला एका गावात राहायची. साठीची, काटक, बोलायला तिखट. मी तिला काकी म्हणायची. भात कापून झालं की ती आपल्या वाफ्यात मिरची-वांग्याची रोपं करायची. वीस-बावीस वर्षं आसपासच्या दहा वाड्यांनी मिरचीचं रोप न्यायचं ते काकीकडून. तिच्या हातचं रोप मरत नाही, ही तिची ख्याती. तिचा वाफा उताराच्या पायथ्याशी, आणि वर उतारावर एका बागायतदाराची हापूसची बाग. बाग मोठी झाली, मोहोराचं औषध सुरू झालं. पावसाची मोठी सर आली की बागेतलं तांबडं पाणी पऱ्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, खाली उतरायचं आणि काकीच्या वाफ्यात पसरायचं.

दोन हंगाम काकीची रोपं बसकी झाली. मरत नव्हती, वाढतही नव्हती. वीतभर उंची, पानावर पान दाटलेलं, हिरवी इतकी की काळी दिसावी. लोकांनी पहिल्या वर्षी समजून घेतलं. दुसऱ्या वर्षी दुसरीकडून रोपं आणली. कुणी म्हणालं म्हातारीचा हात गेला, कुणी म्हणालं नजर लागली. काकीनं स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की माझ्या हाताला काही झालेलं नाही, वरून औषध येतंय.

बागायतदार सज्जन माणूस होता. त्यानं आरडाओरडा केला नाही. त्यानं ठराव मांडला. बागेतून येणारं पाणी तपासा. वाफ्यातली माती नको, तिच्यात कुणीही काहीही घालू शकतं. पाण्यात औषध निघालं, तर पुढच्या पावसाआधी मी बागेच्या खालच्या अंगाला चर खणून दगडी बांध घालीन आणि खालच्या दोन ओळींना औषध देणार नाही. नाही निघालं, तर काकीनं हा विषय कायमचा बंद करायचा. ठराव मंजूर झाला. ग्रामसेवकासमोर पऱ्यातून पाण्याचे दोन कॅन भरले, सील केले. एक तपासणीसाठी, दुसरा नियमाप्रमाणे राखीव. काकी स्वतः एस.टी.नं ते आमच्याकडे घेऊन आली, दोन्ही हातांत दोन कॅन, वाटेत कुणालाही हात लावू न देता.

पाणी कसलं, तांबडी पेजच होती ती. मी निवळत ठेवलं, सहा फिल्टर कागद खर्ची घातले, आणि सरांच्या हातात पाझरातल्यासारखं पाणी दिलं. सरांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि मान डोलावली. आठवड्यानं रिपोर्ट गेला. आढळले नाही.

डिसेंबरात काकी परत आली. बरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक रोप. तिसऱ्या हंगामाचं, तसंच बसकं. बोलली हळू, पण मला अजून ऐकू येतं. म्हणाली, ह्या वर्षी एकही वाडी आली नाही. पुढच्या वर्षीही रोपं अशीच झाली तर माझ्या वाफ्याचं नाव लोक विसरतील, आणि मीही विसरीन.

सरांसमोर तिला नेली. कपाटावर राखीव कॅन होता, सीलबंद. चार महिने हलला नव्हता. वर आरशासारखं पाणी आणि तळाशी तीन बोटं जाड तांबडा थर. काकीनं बोट दाखवून विचारलं, "तो खालचा तपासलात, सायब?"

तो गाळ आहे, सर म्हणाले. गाळ तपासण्याची पद्धत नाही. काकीनं विचारलं, पद्धत नाही म्हणजे यंत्र नाही की काय? यंत्र होतं. मग? सरांनी तिला दोन्ही रजिस्टरं उघडून दाखवली, निळं आणि तपकिरी, आणि गाळ ह्यात का बसत नाही नि त्यात का बसत नाही, ते शांतपणे वीस मिनिटं समजावलं. काकीला वाचता येत नव्हतं, पण तिनं दोन्ही रजिस्टरं नीट बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, पाणी मिळंल काय प्यायला?"

पाण्याचं पिंप व्हरांड्यात होतं. आणि व्हरांड्यात सरांच्या कुंड्या होत्या.

ह्या बारा कुंड्यांबद्दल सांगायला हवं. सरांना आयुष्यात अभिमान वाटावा अशा दोन गोष्टी होत्या, एक त्यांचा प्रबंध आणि दुसरी ही झाडं. मिरची, टोमॅटो, झिनिया, सगळी वीतभर उंचीची, गच्च, काळपट हिरवी. रोज सकाळी एकीचा फोटो 'शुभ प्रभात' लिहून शंभर-एक लोकांच्या मोबाइलवर जायचा. झाडाला वळण लावावं लागतं, असं ते पाहुण्यांना सांगत. वाह्यात वाढलेलं झाड त्यांना खपत नसे. पाहुणे विचारत, खत कुठलं? सर हसून आपला पांढरा हात पुढे करत. हाताचा गुण.

काकी पाणी प्यायला वाकली ती तशीच राहिली. पेला खाली ठेवून ती मिरचीच्या कुंडीपाशी उकिडवी बसली. पान दोन बोटांत धरलं, उलटं केलं, खोडाच्या पेरांवर नख फिरवलं. मग गोणपाट सोडून आपलं रोप त्या कुंडीला टेकवून ठेवलं. जुळ्या बहिणी.

"बाय," ती म्हणाली, "ह्या कुंडीत माती कुठली?"

मी तोंड उघडलं आणि मला गाळाची बादली आठवली. माती मीच घातली होती. नऊ वर्षं. बागांतून आलेल्या नमुन्यांची उरलेली माती, आणि बादलीत साठलेला सगळा गाळ. मोरीत ओतला तर मोरी तांबडी व्हायची आणि सरांना ते चालायचं नाही, म्हणून कुंड्यांत.

"गाळाची," मी म्हटलं.

सर बाहेर आले. म्हातारी आपल्या झाडांपाशी बसलेली बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं रोपं आवडली. म्हणाले, "हाताला गुण असावा लागतो, काकी."

"व्हय की," काकी म्हणाली. "तुमच्या हाताला जो गुण हाय ना सायब, तोच माझ्या वाफ्याला लागलाय."

मी सरांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्या दिवशी पाहिल्या. आपली शिस्तीतली झाडं आणि ही रोगट रोपं एक? रिपोर्टावर शंका घेतली असती तर त्यांनी नियम दाखवला असता. पण इथं प्रश्न हाताचा होता. त्यांनी फर्मावलं की बाई, ह्या क्षणी पहिल्या कुंडीतली माती काढा, तपकिरी रजिस्टरात नोंद करा आणि तपासायला घ्या. कुंडीतली आहे, म्हणजे मातीच आहे. ह्यांना आज दाखवूनच देतो.

मातीला चिकटलेलं सोडवून घ्यायला ती स्पिरिटसारख्या द्रवात घोळवावी लागते, मग तो द्रव यंत्रात जातो. काकी संध्याकाळच्या गाडीनं गेली. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर मोहोराच्या औषधाचा सुळका उभा राहिला, असा, कातळावरच्या माडासारखा. सरांनी आधी सुईला दोष दिला. मग विजेच्या दाबाला. मग मला. दुसरी कुंडी घ्या म्हणाले. मग तिसरी. चार वाजेपर्यंत बाराच्या बारा झाल्या, आणि बाराही वेळा सुळका.

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मोठं बोलणार. सर उठले, व्हरांड्यात गेले, मिरचीच्या कुंडीसमोर उभे राहिले. मग माझ्या देखत त्यांनी आपलं एक बोट मातीत खुपसलं. बाहेर काढून तांबडं झालेलं टोक बघत राहिले. त्या क्षणी मला त्यांची दया आली असती. पण ते लगेच वळून साबणानं हात धुवायला गेले आणि इतका वेळ धुत राहिले की माझी दया निवून गेली.

मी काकीला फोन केला. तिच्या पुतण्याच्या मोबाइलवर, तो शेतात नेऊन द्यायला लागला. मी सांगितलं की कुंड्यांत निघालं, पण कॅनमधला गाळ अजून गाळच आहे, सर त्याला रजिस्टर देत नाहीत. मग काकी म्हणाली, "मग माझा पन गाळ कुंडीत घाला नि मग तपासा."

मी ही सूचना सरांच्या टेबलावर ठेवली. हसत ठेवली, खरं सांगते. सर हसले नाहीत. दोन दिवस विचार केला, नियमांची फाईल दोनदा वाचली, आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की कार्यपद्धतीत बसतं.

ग्रामसेवकांना बोलावलं. त्यांच्यासमोर राखीव कॅनचं सील फोडलं, वरचं निवळ पाणी काढलं, आणि तळाचा गाळ नव्या, धुतलेल्या तेराव्या कुंडीत ओतला. तो चार दिवस उन्हात वाळला. मग त्याच कुंडीतून मी चमच्यानं तो परत काढला, कुटला, चाळला आणि तपकिरी रजिस्टरात लिहिला. नमुन्याचा प्रकार, माती. ठिकाण, व्हरांडा. सरांनी सही केली. ग्रामसेवक बिचारे सगळं बघत होते आणि मला वाटतं त्या दिवसापासून त्यांना शासनावर अधिकच श्रद्धा बसली.

औषध निघालं. भरपूर. दुसरा रिपोर्ट गेला.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला सरांना खुलाशासाठी बोलावणं आलं. मी बरोबर होते. जीपमध्ये सर सबंध वाटभर ओठातल्या ओठात भाषण घोकत होते. 'कालपरत्वे होणारा बदल' असं काहीतरी होतं, चार वेळा ऐकलं तरी मला समजलं नाही, म्हणजे चांगलंच तयार झालेलं होतं. पंचायतीचा हॉल भरला होता. दहा वाड्यांतली माणसं. काकी भिंतीला टेकून, पदराचा शेव मुठीत घट्ट धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

बागायतदार उभा राहिला. नेहमीप्रमाणे सौम्य. म्हणाला, मी सरांचा आदर करतो, सावर्ड्याला सरांचंच व्याख्यान ऐकून मी निर्धास्त झालो. आज माझ्या हातात दोन कागद आहेत. एकाच दिवशी, एकाच पऱ्यातून भरलेलं पाणी. एकात औषध नाही, एकात आहे. दोन्हींवर सरांची सही. तेव्हा एक खोटा असणार. दुसरा खोटा असेल तर ठरावाप्रमाणे विषय संपला. पहिला खोटा असेल तर मी चर खणतो. सरांनी फक्त कुठला ते सांगावं.

हे फार सरळ होतं आणि फार भयंकर होतं. मला सर चांगले ठाऊक होते. पहिला खोटा म्हटलं की त्याच पद्धतीनं गेलेले आजवरचे सगळे रिपोर्ट खोटे. दुसरा खोटा म्हणणं किती सोपं. कुंडी नीट धुतली गेली नसेल, बाईंकडून नमुन्यांची सरमिसळ झाली असेल. बाई जवळच बसल्या होत्या. मी मनातल्या मनात बळीचा बकरा होऊन तयार राहिले आणि काकीकडे बघायचं टाळलं.

सर उठले. पांढरे कपडे, एक सुरकुती नाही. उजवा हात वर गेला. "कालपरत्वे," ते म्हणाले, आणि अडले. बागायतदाराला त्यांची अडचण दिसली असावी. तो मदत करावी तशा सुरात म्हणाला, "मग सर, पहिला चुकीचा धरायचा, की दुसरा?"

'चुकीचा' हा शब्द सरांच्या तोंडावर आजवर कुणी उच्चारला नव्हता. मी तर नाहीच. त्यांचं घोकलेलं भाषण पार उडून गेलं, आणि रागाच्या भरात ते जे बोलले ते ग्रामसेवकांनी इतिवृत्तात शब्दशः उतरवून घेतलं. त्या ओळीच्या जोरावर मे संपायच्या आत बागेच्या खालच्या अंगाला चर खणला गेला आणि बांध उभा राहिला. सर काय बोलून बसले, हे त्यांना स्वतःला गाडीत बसेपर्यंत कळलं नव्हतं.

"चुकीचा? माझा एकही रिपोर्ट चुकीचा नाही! पहिल्याच्या वेळी आम्ही जे गाळून फेकलं, तेच तर दुसऱ्यात सापडलंय!"